लाल टोपीची सतरा वर्षे कोणत्या खात्यात जमा?

रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्यापुढे पिशव्या उघडू लागतात. प्लास्टिकच्या, कापडाच्या, कधी साखरेच्या पोत्यातून कापून शिवलेल्या. त्यांत शाळा सोडल्याचा दाखला असतो, जातीचा दाखला असतो, रेशनकार्ड असते. कारकुनी करता करता केस पिकू लागले, पण अर्ज भरण्याचे काम काही सुटत नाही. मागच्या भरतीच्या वेळी मात्र एक पिशवी वेगळी आली. पिशवी कसली, काळी लोखंडी पेटी! वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. सैन्यातून आलेला माणूस पेटीवरूनच ओळखू येतो.

पेटीवाला आपल्याच समाजाचा, वरोरा तालुक्यातल्या एका खेड्याचा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, सतरा वर्षे सेवा केली, नाईक म्हणून पेन्शनवर आला. त्यातली बहुतेक वर्षे त्याने मिलिटरी पोलिसात काढली. आता एका कोळसा खाणीच्या फाटकावर एजन्सीमार्फत पहारा करतो. सोबत त्याची बायको आणि सातवीत शिकणारी मुलगी. बसल्या बसल्या त्याने विचारले, "बाबूजी, सतरा वर्सं मी पोलीसगिरीच केली. आता पोलीस व्हाले पोट्ट्यांसंगं धावा लागते का जी?"

आम्ही म्हटले, "धावावं लागते, भाऊ."

तो हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मंग हे सतरा वर्सं कुठं गेले?"

आमचे शिक्षण बी. कॉम. जमा आणि नावे यापलीकडे आम्हांला फारसे कळत नाही. पण त्या वहिनींचा प्रश्न हिशेबाचाच होता. एका सरकारच्या वहीत जमा झालेली वर्षे दुसऱ्या सरकारच्या वहीत का दिसत नाहीत? चंद्रपूर-गडचिरोली भागात आपल्या समाजातली अनेक घरे सैन्याशी, राखीव दलाशी, गृहरक्षक दलाशी जोडलेली आहेत. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडावा असे वाटले.

मिलिटरी पोलीस म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे गल्लत होते ती इथूनच. प्रत्येक पलटणीत फाटकावर, क्वार्टर गार्डवर काही जवानांना रेजिमेंटल पोलिसांचे काम देतात. ते त्या पलटणीपुरते असते. मिलिटरी पोलीस, म्हणजे कोअर ऑफ मिलिटरी पोलीस, हे स्वतंत्र दल आहे. लाल टोपी, पांढरा पट्टा, बाहीवर एम. पी. अशी अक्षरे. 'सेवा तथा सहायता' हे त्याचे बोधवाक्य आणि बेंगळुरू येथे त्याचे प्रशिक्षण केंद्र. यात थेट भरती होते, तशी इतर पलटणींतूनही माणसे घेतली जातात.

कामे बघा. लष्करी वाहनांचा ताफा निघाला की रस्ता मोकळा ठेवणे. छावणीत चोरी, मारामारी, अपघात झाला की जागा राखणे, पंचनामा करणे, जबाब घेणे. रजा संपूनही न परतलेल्या जवानाचा शोध घेणे. युद्धकैद्यांची व्यवस्था पाहणे. गावच्या ठाण्यातला शिपाई जे करतो त्याच्याशी यातली निम्मी कामे मिळतीजुळती आहेत.

आता कायदा पाहू. १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम ६९ सांगते की, देशाच्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यातला गुन्हा जवानाने केला तर, काही अपवाद सोडता, त्याचा खटला कोर्ट मार्शलमध्येही चालू शकतो. म्हणजे चोरी, मारहाण, फसवणूक यांच्या व्याख्या लाल टोपीवाल्याला ठाऊक असाव्याच लागतात. त्याच ॲक्टचे कलम १३३ सांगते की, कोर्ट मार्शलपुढे पुराव्याचा कायदा देशाचाच चालेल. जबाब कसा घ्यावा, जप्त वस्तूवर चिठ्ठी कशी लावावी, कोणती गोष्ट पुराव्यात टिकते, हे त्याने सतरा वर्षे गिरवले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे नंबर बदलले, ते नव्याने पाठ करावे लागतील. ठाण्यात वीस वर्षे काढलेल्या हवालदारालाही ते पाठ करावेच लागले.

मग काय जमा होते?

अगदीच काही होत नाही असे नाही. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि पोलीस शिपायाची भरती त्यात येते. 'समांतर' या शब्दावर आपली मुले नेहमी अडखळतात. त्याचा अर्थ असा की, या १५ टक्क्यांची वेगळी रांग लावत नाहीत, प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच त्या जागा धरतात. समजा १०० जागा निघाल्या. अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांप्रमाणे त्यातल्या १३ जागा आपल्या, आणि त्या तेरांतल्या साधारण दोन माजी सैनिकाच्या. पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाते. त्यामुळे आपला माजी सैनिक अर्ज करतो तेव्हा तो कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. हे लिहिण्याचे कारण, विहारातच एका तरुणाने आम्हांला तसे ऐकवले होते.

वयाची सवलत मोठी आहे. शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ अशी कमाल मर्यादा असते. माजी सैनिकाला त्याच्या सैन्यातल्या सेवेइतकी वर्षे आणि वर आणखी ३ वर्षे सूट मिळते. आमच्या नाईकाला १७ आणि ३ मिळून २० वर्षांची सूट झाली. शिक्षणातही सूट आहे. शिपायाला बारावी लागते, पण सैन्यात १५ वर्षे झालेल्याची दहावी किंवा सैन्याचे शिक्षण प्रमाणपत्र चालते. सेवा १५ वर्षांपेक्षा कमी असेल तर बारावीच हवी.

इथे जमेची बाजू संपते. भरतीत आधी ५० गुणांची मैदानी चाचणी होते. पुरुषांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळाले तरच पुढे १०० गुणांच्या लेखी परीक्षेचा विचार. सरकारी कागद वयातून वीस वर्षे माफ करतो. मैदानावरचे घड्याळ काही माफ करत नाही! लेखीत अंकगणित, सामान्यज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. सतरा वर्षे जबाब लिहिलेल्या माणसाला समास ओळखता आला नाही तर गुण गेला. त्याने जे काम प्रत्यक्ष केले, त्याला एकही गुण नाही. कॉलेजात एन. सी. सी. चे 'सी' प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलाला वाढीव गुण मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत, त्याने मेहनत केलेली असते. पण मिलिटरी पोलिसात सतरा वर्षे काढलेल्याला तेवढेही नाही.

आणि निवड झालीच, तर इतर सगळ्या नव्या शिपायांबरोबर मूलभूत प्रशिक्षणाला पहिल्या दिवसापासून उभे राहायचे. सॅल्यूट कसा करावा इथपासून.

सरकारला अनुभव मोजता येत नाही असे म्हणावे तर तसेही नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर ज्या तरुणांना सैन्यात तातडीचे कमिशन दिले होते, त्यांना सैन्यातून मोकळे केल्यावर भारतीय पोलीस सेवेत राखीव जागा दिल्या. त्यांची ज्येष्ठता ठरवताना, ते सैन्यात गेले नसते तर ज्या वर्षी पहिल्यांदा परीक्षेला बसू शकले असते, ते वर्ष हिशेबात धरले. साहेबांची वर्षे जमा झाली, शिपायाची झाली नाहीत. आपल्याच राज्यात राखीव पोलीस बलातल्या जवानाला ठरावीक सेवेनंतर जिल्हा पोलिसात बदलून जाता येते. देसाईगंजला गट क्रमांक १३ आहे, तिथल्या कुटुंबांना हा मार्ग चांगला ठाऊक आहे. आणि गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडिया भाषेचा वेगळा पेपर असतो, कारण त्या जिल्ह्याच्या ठाण्याला त्या ज्ञानाची गरज आहे. गरज पटली की सरकार वेगळा पेपर काढू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेत पोलिसाचा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. तिथल्या काही राज्यांत लष्करी पोलिसाला पूर्ण प्रशिक्षण पुन्हा देत नाहीत. त्या राज्याच्या कायद्याचा एक पूरक अभ्यासक्रम देतात आणि परवान्याची परीक्षा घेतात. पास झाला तर पोलीस, नाही तर नाही. आम्हांला हा मार्ग सरळ वाटतो.

पण घाई नको

इथे आपल्या मंडळींना न आवडणारी एक गोष्ट आम्हांला सांगितली पाहिजे. लाल टोपीचा अनुभव जसाच्या तसा खाकीत ओतता येत नाही, आणि ओतू नयेही.

बाबासाहेबांच्या संविधानातले कलम २२ सांगते की, अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीचा वकील मिळाला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. कलम ३३ मात्र संसदेला अधिकार देते की, सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क शिस्तीपुरते मर्यादित करता येतील. त्यानुसार सैन्याचा कायदा वेगळा चालतो. तिथे ताब्यातल्या जवानाच्या आरोपाची चौकशी त्याच्या कमांडिंग ऑफिसरने साधारण ४८ तासांत करायची असते. मॅजिस्ट्रेट मध्ये नाही. लाल टोपीवाल्याची सगळी नोकरी कलम ३३ च्या आवारात गेली. समोरचा माणूस गणवेशातला, 'हो साहेब' म्हणणारा. ठाण्यात समोर येतो तो नागरिक. त्यात जांभूळ-मोहफूल विकणारी बाई असते, लेकीला नवऱ्याने मारले म्हणून आलेला बाप असतो, रानात गुरे गेली म्हणून घाबरलेला गुराखी असतो. त्यांच्याशी हुकमाच्या आवाजात बोलून चालत नाही.

अपुऱ्या प्रशिक्षणाचे काय होते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. गडचिरोलीच्या पूर्वेला छत्तीसगडचा बस्तर. तिथे सरकारने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमले, महिना ३ हजार रुपये मानधन दिले आणि दोन महिन्यांच्या शिकवणीवर हाती बंदूक दिली. पाचवी शिकलेली मुले त्यात होती. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एवढ्या तोकड्या शिक्षणावर या मुलांना नक्षलवाद्यांविरुद्ध उभे करणे म्हणजे त्यांच्या समतेच्या आणि जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सांगून न्यायालयाने तो वापर थांबवायला लावला. प्रशिक्षण कमी केले की गरिबाचे भले होते, असे समजणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. त्या स्वस्त प्रशिक्षणाची किंमत आदिवासींच्याच घरांनी मोजली.

म्हणून आमची मागणी सवलतीची नाही, मोजमापाची आहे. जे येते त्याची परीक्षा घ्या आणि त्याला गुण द्या. जे येत नाही ते शिकवा, आणि नीट शिकवा. फौजदारी कायदा, पुरावा, वाहतूक, शस्त्र, कवायत हे विषय तपासून मोकळे करा. वाचलेला वेळ नागरिक सुरक्षा संहितेला द्या, अटकेच्या नियमांना द्या, स्त्रिया आणि मुलांच्या कायद्यांना द्या. गडचिरोलीत काम करणार असेल तर १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा त्याला आलाच पाहिजे. बांबूवर ग्रामसभेचा हक्क असू शकतो हे मेंढा-लेखाने दाखवून दिले आहे. ज्या शिपायाला हे माहीत नाही, तो बांबूची मोळी नेणाऱ्या माणसाला चोर समजून अडवील.

आणि ॲट्रॉसिटीचा कायदा. आमच्या मनात हा विषय आला तो खरे तर याच वाटेने. १९८९ च्या या कायद्यात तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, शिपाई नव्हे. पण फिर्याद पहिल्यांदा ऐकतो ती टेबलामागे बसलेला ठाणे अंमलदार आणि त्याच्या शेजारी लिहिणारा. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये त्यांची कर्तव्ये स्पष्ट लिहिली. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घ्यायची, सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवायची, प्रत विनामूल्य द्यायची. आम्ही अनेक फिर्यादींबरोबर ठाण्याच्या बाकावर रात्री काढल्या आहेत. पहिला कागद नीट लिहिला गेला तर पुढची निम्मी लढाई सोपी होते. 'जातीवरून शिवीगाळ' एवढेच लिहायचे, की नेमका शब्द, जागा आणि ऐकणारे यांची नोंद करायची, यात खटला उभा राहतो किंवा आडवा पडतो. ज्याने सतरा वर्षे जबाब शब्दशः लिहून घेतले, असा माणूस त्या टेबलाशी हवा. तो आपल्याच जातीचा असावा असे आमचे म्हणणे नाही. लिहिता येणारा असावा.

वाहतुकीचेही तसेच. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली-आष्टीच्या वाटेने जाऊ लागल्यापासून त्या रस्त्याकाठची माणसे जीव मुठीत धरून असतात. शाळेची पोरे सायकलने जातात, बाजूने धूळ उडवीत ट्रकांची रांग. शेकडो गाड्यांचा ताफा घाटातून सुखरूप नेणे हे ज्यांचे रोजचे काम होते, ती माणसे घरी बसून आहेत नाही तर खाणीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत आहेत.

आजोबांचा अर्ज

आपल्या समाजाला ही रांग नवी नाही. सैन्यातली महार भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. त्यात सैन्याबरोबर पोलीस खात्याचेही दार उघडा अशी मागणी होती. गंमत बघा, गावाची राखण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांकडे. चांदा जिल्ह्यात गावोगावचा कोतवाल बहुधा आपलाच. चोराचा माग काढायचा, रात्री गस्त घालायची, सरकारी निरोप पोचवायचा. म्हणजे काम पोलिसाचे आणि पोलीस खात्यात मात्र प्रवेश नाही. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब होते. १९३० च्या तिच्या अहवालाने अस्पृश्यांच्या पोलीस भरतीचा प्रश्न सरकारपुढे ठेवला. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, त्यांच्या पाठपुराव्यानंतर, महार रेजिमेंट उभी राहिली.

तेव्हाही हेच होते. काम केल्याचे सगळ्यांना माहीत, वहीत नोंद नाही.

आता लेकींचा प्रश्न

नाईकाची मुलगी आमच्या टेबलावरचे डिस्चार्ज बुक उलटून पाहत होती. तिने विचारले, "मुलींना घेतात का लाल टोपीत?"

घेतात. मिलिटरी पोलिसात शिपाई म्हणून स्त्रियांची भरती २०१९ मध्ये सुरू झाली आणि मे २०२१ मध्ये ८३ जणींची पहिली तुकडी बेंगळुरूहून बाहेर पडली. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हापासून मुली अग्निवीर म्हणून भूदलात येऊ लागल्या त्या याच लाल टोपीतून. अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांनी चार वर्षांनी घरी यायचे.

इथे आईबापांनी नीट लक्ष द्यावे. चार वर्षांनी परतलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही. मग वर सांगितलेले १५ टक्के आरक्षण आणि सेवेइतकी वयाची सूट त्याला आपोआप लागू होत नाही. केंद्राने २०२२ मध्ये निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा जाहीर केल्या. उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये आपल्या पोलीस शिपाई भरतीत २० टक्के जागा ठेवण्याचा निर्णय घेतला. मुलींच्या पहिल्या अग्निवीर तुकडीचे प्रशिक्षण २०२३ मध्ये सुरू झाले, त्यांची चार वर्षे २०२७ मध्ये भरतात. बावीस-तेवीस वर्षांची, लष्करी पोलिसाचे शिक्षण घेतलेली मुलगी वरोऱ्याच्या, नागभीडच्या, सिरोंच्याच्या एस. टी. स्टँडवर उतरेल. गावच्या ठाण्याला महिला पोलीस हवी असेल. तिची चार वर्षे कुठे मांडायची, याचे उत्तर ती उतरण्यापूर्वी तयार असलेले बरे. मुलगी जाऊ इच्छिते तर जरूर पाठवा, आम्ही कुणाला अडवणार नाही. पण बारावी करूनच पाठवा, कारण चार वर्षांच्या सेवेवर दहावीची सूट मिळत नाही.

पेटीतले कागद

त्या रविवारी अर्जाला बसलो तेव्हा दोन तास गेले ते कागद जुळवण्यात. हा भाग आम्ही मुद्दाम खोलात लिहितो, कारण भरतीतून माणसे धावण्यात बाद होतात तशीच कागदातही होतात.

पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक, डिस्चार्ज बुकात इंग्रजी अक्षरांच्या फेऱ्यात दुसरेच. दुसरी अडचण धर्माची. भरतीच्या दिवशी लिहिणाऱ्याने विचारले असेल, याने घाईत सांगितले असेल. नोंद झाली 'हिंदू, महार'. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आणि जातीचा दाखला धर्मांतरित बौद्धाचा. तीन कागदांवर तीन माणसे! १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात ज्यांच्या आजोबांनी बाबासाहेबांसमोर दीक्षा घेतली, त्यांच्या नातवाच्या कागदावर अजून हा घोळ. बौद्धांना अनुसूचित जातीची केंद्रीय मान्यता १९९० मध्ये मिळाली, हे आपल्याला पाठ आहे. पण केंद्राच्या नोकरीचा दाखला आणि राज्याच्या नोकरीचा दाखला यांचा नमुना एकच नसतो, हे पुष्कळांना अर्ज परत आल्यावरच कळते.

म्हणून सैन्यात असलेल्या मुलाला पत्र टाका, फोन करा. सेवा संपायला वर्ष-दीड वर्ष असतानाच नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात यांची दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यायला सांगा. घरी आल्यावर तेच काम पाचपट लांबते. डिस्चार्ज बुकात नागरी व्यवसायाशी जुळणारे काम लिहिण्याची जागा असते. ती कोरी राहू देऊ नका. मिलिटरी पोलिसात केलेले प्रत्येक कोर्स, वाहतुकीचा असो, तपासाचा असो, त्याची नोंद आणि प्रमाणपत्र घेऊन या. आज त्याला गुण नसतील, पण मागणी पुढे न्यायची तर हातात कागद लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र घ्या. आणि पेन्शनपात्र होण्यापूर्वी स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडली तर माजी सैनिकाचा हक्क जातो, हे तर घरातल्या बाईलाही माहीत असले पाहिजे. रागाच्या भरात सोडून आलेली दोन मुले आम्ही पाहिली आहेत.

एक सूचना आणखी. भरतीची जाहिरात घटकागणिक निघते, नियमांत दुरुस्त्या होतात. या लेखावर विसंबून अर्ज भरू नका, त्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचा.

गृहविभागाला पाठवण्यासाठी निवेदन आम्ही तयार केले आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत. मिलिटरी पोलिसातल्या सेवेला एन. सी. सी. प्रमाणपत्राप्रमाणे लेखी परीक्षेत वाढीव गुण द्यावेत. आणि निवड झालेल्यांची विषयवार परीक्षा घेऊन त्यांना नागरी कायद्याचा पूरक अभ्यासक्रम लावावा. ज्यांच्या घरी लाल टोपीवाला आहे त्यांनी सेवेचा दाखला आणि कोर्सच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स विहारात आणून द्याव्यात. मूळ कागद कुणालाही, आम्हांलाही, देऊ नयेत.

नाईकाचा अर्ज त्या दिवशी गेला. नावाच्या दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पत्र टाकले, त्याची पावती पेटीत ठेवली. तो रोज पहाटे चार वाजता खाणीची रात्रपाळी मध्येच सोडून येऊ शकत नाही, म्हणून पाळी संपल्यावर आठला शाळेच्या मैदानावर धावतो. घड्याळ त्याची मुलगी धरते. गेल्या रविवारी ती सांगत होती, सोळाशे मीटरला अजून चाळीस सेकंद कमी करायचे आहेत.